मक्याच्या केसांचा हत्ती

मुलीच्या आईनं मुलीच्या आईसारखं राहावं. सणावाराला यावं, लेकीची ओटी भरावी, कपभर चहा घ्यावा आणि उन्हं उतरायच्या आत आपल्या घरची वाट धरावी. पण लताबाईंना हे कोण सांगणार? त्यांनी काय केलं, तर एक हत्ती काचेच्या कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि धोंडाबाईच्या नातीला काचेतून दाखवत म्हणाल्या, "नवरात्रात माझ्याकडे राहायला ये. भोंडला आमच्या दारात कर. मग हत्ती तुझा."

हत्ती तरी केवढा? हाताच्या अंगठ्याएवढा. प्लास्टिकचा, टूथपेस्टच्या खोक्यात फुकट आलेला. अंगभर केस कोरलेले, आणि सुळे असे वळलेले की दोन्हींची टोकं एकमेकांना भेटायला निघालीत. पण त्या अंगठ्याएवढ्या हत्तीनं मखमलाबादच्या मळ्यात धोंडाबाईला असं पेटवलं, की सकाळी दाताला लावायची मिश्रीची चिमूट तिच्या बोटांतच राहून जायची.

धोंडाबाई म्हणजे झेंडू-शेवंतीच्या मळ्याची मालकीण. नवरा गेल्यापासून विहिरीवरचं इंजिन तिच्या शब्दाशिवाय सुरू होत नव्हतं. शाळा दुसरीपर्यंत. त्यात सही करता आली आणि बसवरच्या पाट्या वाचता आल्या. बाकीचं ती माणसाच्या तोंडावरून वाचायची. मुलगा वाल्मीक रोज पहाटे फुलांच्या पाट्या सायकलला बांधून नाशिकच्या फुलबाजारात न्यायचा. सून मंजुळा हार गुंफायची. आणि नात गोदावरी चौथीत होती. हे नाव धोंडाबाईनंच ठरवलेलं. बारशाला आत्या पाळण्यात वाकली, तेव्हा तिच्या कानात आधी धोंडाबाई बोलली होती.

मंजुळेची आई लताबाई राहायच्या नाशिकमधल्या द्वारकेला, चाळवजा कॉलनीत. नवरा कचेरीत कारकून होता, तो वारला. मुलगा नोकरीला मनमाडला. एकटी बाई, दोन खोल्या, भिंतीत काचेचं कपाट. त्या गोदावरीला पिंकी म्हणायच्या. नदीचं नाव असलेल्या पोरीला पिंकी. धोंडाबाईच्या मते इथंच त्या बाईची अक्कल कळली होती, हत्ती नंतरचा.

सुरुवात झाली ती मे महिन्याच्या सुट्टीत. गोदा द्वारकेहून परत आली, ती मुठीत वाघ घेऊन. वाघाचे दोन दात हनुवटीखाली लोंबत होते.

"ह्याला काय झालं गं?" धोंडाबाईनं विचारलं.

"काही नाही आजी, ह्याचे दात असेच होते. आता हा नाही. हजारो वर्षांपूर्वी सगळे मेले."

"मेलेलं जनावर उचलून आणलंस घरात?"

"अगं, खेळण्यातलं आहे. द्वारकेच्या आजीच्या पेस्टमधून निघालं. सहा असतात. सगळे अंगावर पाजणारे, आणि सगळे जुन्या काळचे."

त्यानंतर दर रविवारी वाल्मीक पोरीला सायकलच्या दांड्यावर बसवून द्वारकेला न्यायचा आणि ती एकेक जनावर घेऊन यायची. मग झिपऱ्या गेंडा आला. बाजेएवढी शिंगं डोक्यावर पेलणारं हरीण आलं. अस्वलासारखा दोन पायांवर उभा राहून झाडाचा पाला ओरबाडणारा एक ऐदी गडी आला. आणि पाठीवर कासवासारखी ढाल असलेला एक आला, त्याचं नाव गोदेलाही धड घेता येत नव्हतं. कोनाड्यातली धोंडाबाईची मिश्रीची डबी चुलीमागं गेली आणि तिथं ही पलटण उभी राहिली.

कुणाला सांगितलं नाही, पण ढालवाला धोंडाबाईला आवडला होता. पाठ राखून असतो, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. कोनाडा झाडताना ती त्याला उचलून पदरानं पुसायची. पण तो आला कुठून हे आठवलं, की परत ठेवताना जरा आपटूनच ठेवायची.

पाच झाले. राहिला केसाळ हत्ती. तो गणपतीच्या दिवसांत लताबाईंच्या खोक्यातून निघाला आणि कपाटात कुलपाआड गेला.

आता भोंडल्याला हत्ती काय असतो हे कुणाला सांगायला नको. हस्त नक्षत्राचा हत्ती पाटावर काढायचा, पाट अंगणात मांडायचा आणि पोरींनी फेर धरायचा. धोंडाबाई लग्न होऊन मळ्यात आली त्या वर्षापासून आळीतला भोंडला तिच्या अंगणात होत होता. पाट गेरूनं सारवून त्यावर तांदळाच्या पिठाचा हत्ती तीच काढायची. तिच्या नणंदा त्या हत्तीभोवती फिरल्या, तिच्या लेकी फिरल्या, आणि गोदा तर चालायला लागली तीच मुळी त्या फेरात. यंदा पोरगी द्वारकेला गेली, तर आळीतल्या पोरी विचारणार गोदा कुठं, आणि त्यांच्या आया विचारणार नाहीत, नुसत्या एकमेकींकडे बघणार. ते बघणं धोंडाबाईला नको होतं.

"मंजुळे, तुझ्या आईला निरोप धाड. हत्ती पाठवून द्या म्हणावं. लेकराला ताटकळत ठेवू नये."

मंजुळा हार गुंफता गुंफता म्हणाली, "आत्याबाई, मी बोलले. आई म्हणते, पिंकी वर्षभर तुमच्याकडेच असते. नऊ दिवस मला दिले तर काय बिघडलं?"

"नऊ दिवस मागते का भोंडला मागते? दिवस पाहिजे तर पितरांतले घे म्हणावं."

मंजुळेनं मान खाली घातली. ती रडत नव्हती, हसत होती. धोंडाबाईला ते दिसलं, आणि सुनेच्या माहेरचा तिला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः बहिरूच्या दुकानात गेली. "ती पेस्ट दे रं. जनावरवाली."

बहिरूनं वर पाहिलं. धोंडाबाईनं जन्मात मिश्रीशिवाय दाताला काही लावलेलं नव्हतं, हे तोच तिला मिश्री देत आल्यामुळे त्याला ठाऊक होतं. त्यानं खोकं पुढं केलं. धोंडाबाईनं ते कानाशी नेऊन हलवलं, तळहातावर तोललं, परत केलं. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं.

"काकी, कलिंगड नाय ते, वाजवून घ्यायला."

"हत्ती जड असतो. हाताला कळतंय मला."

हाताला कळलं नाही. त्या खोक्यातून लोंबत्या दातांचा वाघ निघाला. पुढच्यातूनही वाघ. मग झिपऱ्या गेंडा, मग पुन्हा वाघ. धोंडाबाई हट्टाला पेटली. सर्वपित्री जवळ येईपर्यंत घरात पेस्टच्या नळ्यांची अशी रास झाली, की मंजुळेनं पैंजण आणि देवाची समई पेस्टनं घासून लखलखीत केली. वाल्मीक रोज दोनदा दात घासू लागला. पण हत्ती निघाला नाही.

"आई," वाल्मीक एकदा जेवताना म्हणाला, "कोनाड्यात आता वाघांचीच वस्ती झाली. हरणाला झोप नसंल लागत."

"तू जेव. तुझ्या सासूनं दुकानदाराला सांगून हत्ती काढून घेतला असंल आधीच."

"तिला काय माहीत कुठल्या खोक्यात काय हाय ते?"

"त्या बाईला सगळं माहीत असतंय."

मग धोंडाबाईनं विचार केला, की विकतचा मिळत नाही तर करायला काय हात मोडलेत? लहानपणी पोळ्याचे बैल ती करायची, अख्ख्या आळीला पुरतील एवढे. विहिरीच्या पाटातला गाळ तिनं काढला, चाळला, मळला आणि दुपारभर ओसरीत बसून हत्ती उभा केला. चांगला मांजराएवढा. बाभळीचे काटे सुळे म्हणून लावले, पण ते सरळ दिसले. मग करवंटीच्या चिपा घासून वाकडे सुळे केले. राहिले केस. बांधाला मका उभा होता. कणसांचे केस तिनं ओंजळभर आणले, काही पिवळे, काही तांबूस, काही वाळून काळपट झालेले, आणि ओल्या मातीत मूठ मूठ रोवत गेली. पाठीवरून पोटाखाली असे लोंबले की वाऱ्यानं हलायचे. वासरानं तोंड घालू नये म्हणून हत्ती तिनं पाटीखाली झाकून ठेवला. मंजुळेनं पाटी उचलून पाहिलं आणि परत झाकायलाच ती विसरली. धोंडाबाईनं ते मनाशी जपून ठेवलं.

गोदा शाळेतून आली. दप्तर पाठीवरच. हत्तीसमोर उकिडवी बसली, केसांवरून हात फिरवला, सोंडेच्या टोकाला बोट लावलं.

"आजी, छान आहे."

"मग?"

"पण हा सेटमधला नाही ना. सेट पुरा व्हायला तोच लागतो."

धोंडाबाईनं पाटी उचलली आणि हत्तीवर पालथी घातली. "जा मग. पिशवी भर जा तुझी."

पोरगी घटस्थापनेच्या सकाळी द्वारकेला गेली. मातीचा हत्ती धान्याच्या कणगीमागं गेला. पाटावर पिठाचा हत्ती धोंडाबाईनं काढला, पण हात असा फिरला की हत्तीचं तोंड डुकरासारखं झालं. आळीतल्या पोरी आल्या, फेर धरला, खिरापत ओळखली. सरुबाईच्या पोरीनं विचारलंच.

"गोदा कुठंय, काकू?"

"द्वारकेला. तिथल्या म्हातारीला करमत नाय म्हणून पाठवली."

पोरींच्या आया एकमेकींकडे बघत्या झाल्या. अगदी तसंच.

तिसऱ्या माळेला धोंडाबाईनं पितळी डबा भरून शेवंती घेतली, वर केळीचं पान टाकलं आणि बस धरली. दरवर्षी लताबाईंच्या घटाच्या माळेला फुलं मळ्यातूनच जायची, वाल्मीक नेऊन द्यायचा. यंदा आपण स्वतः नेऊन देतो, असं तिनं सुनेला सांगितलं. शालिमारला उतरून पुढं पायी निघाली. द्वारकेच्या चौकात ट्रक आणि टांगे एकमेकांना वाट देत नव्हते. त्या गोंधळातून जाताना काय काय बोलायचं ते तिनं मनात रचून घेतलं.

एक तर जबरा मुद्दा तिला सापडला होता, आणि तोही गोदेच्याच बोलण्यातून. ही जनावरं सगळी मेली. एकसुद्धा पिल्लू मागं राहिलं नाही. आणि भोंडला कशाला करायचा? पोरींची पुढं घरं भरावीत, मुलंबाळं व्हावीत म्हणून. त्या फेराच्या मध्ये ज्याचा वंश बुडाला असं जनावर मांडलं या बाईनं. हे ऐकवल्यावर लताबाईंनी तोंड उघडायचं काम नव्हतं.

दार उघडंच होतं. लताबाई ओट्याशी उभ्या होत्या. धोंडाबाईला पाहताच त्यांनी पदर ओढून तोंडावर धरला आणि मानेनंच "या" म्हणाल्या.

धोंडाबाईला आधी वाटलं, लाजली. मग तिची नजर खिडकीकडे गेली. लताबाईंचे दात पेल्यात पाण्याखाली हसत बसले होते. वरचे आणि खालचे, सगळे.

धोंडाबाई सावकाश पाटावर टेकली. देव्हाऱ्याखाली वेताची टोपली होती, तिच्यात पेस्टच्या नळ्या. एकीचंही बूच फिरवलेलं नव्हतं.

"बसते," धोंडाबाई म्हणाली. "नळ्या बऱ्याच साठवल्या."

लताबाई पदराआडून काहीतरी पुटपुटल्या.

"पाहुणे? पाहुणे कुठले? मनमाडवाला तर दिवाळीला येतो."

लताबाईंनी पेला उचलला, पाठ फिरवली, दात बसवले आणि परत वळल्या, तेव्हा त्या पुन्हा कारकुनाच्या बायको झाल्या होत्या. "तुमच्याकडे समई फार चकचकीत झालीय म्हणे, विहीणबाई. मंजुळा सांगत होती. तुम्ही मिश्री सोडलीत का?"

धोंडाबाईनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि रचून आणलेलं सगळं बोलली. वंश बुडालेलं जनावर, पोरींचा फेर, अपशकुन, मुलीच्या आईनं कसं राहावं, पिंकी हे नाव, सगळं एका दमात. लताबाईंनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं.

खालच्या फळीवर केसाळ हत्ती नव्हता. तिथं कणकेचा एक गोळा होता. त्याला चार पाय होते, चारही वेगळ्या उंचीचे. सोंड गळून शेजारी पडली होती. अंगावर जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर चिकटवलेली, आणि त्या लोकरीतून मुंग्यांची रांग चालली होती.

"हे काय?" धोंडाबाई म्हणाली, जरी तिला कळलं होतं.

"हत्ती पिंकीच्या पिशवीत आहे. पहिल्याच दिवशी दिला मी," लताबाई म्हणाल्या. "पाटावर ठेवला. कॉलनीतल्या पोरी जमल्या, फेर धरला, आणि मधे काय आहे ते कुणालाच दिसेना. एकीचा पाय पडता पडता राहिला त्याच्यावर. पोरी हसल्या. मग तुमची नात कमरेवर हात ठेवून त्यांना सांगते, हा काहीच नाही, माझ्या आजीचा हत्ती एवढा मोठा आहे, त्याचे केस खरे आहेत, वाऱ्यानं हलतात. तेव्हापासून माझ्यामागे लागलीय, तू पण तसा कर. केला. तीन दिवस करतेय. तुम्ही कशानं केला तो?"

त्या हे विचारत होत्या तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं, ते धोंडाबाईला वाचायला जड गेलं नाही. गणपतीपासून तिचं स्वतःचं तोंड आरशात तसंच दिसत होतं.

धोंडाबाईला आतून असं गार वाटलं, जशी पेस्टच खाल्ली. केस खरे आहेत. वाऱ्यानं हलतात. पोरगी मळ्यात यातला एक शब्द बोलली नाही, आणि इथं येऊन ढोल वाजवत होती. तिनं कणकेचा गोळा हातात घेतला, मुंग्या फुंकून टाकल्या, उलटा करून पोटाखाली पाहिलं.

"कणीक सैल भिजवलीत. कणकेचा हत्ती उभा राहत नाय, लताबाई. पुरणपोळी नाय ही."

"माझ्याकडे माती कुठली? इथे खाली सगळी फरशी आहे."

दारात पावलं वाजली. गोदा आली. आजीला पाहून ती थबकली, मग दुसऱ्या आजीकडे पाहिलं, मग गोळ्याकडे. कुणाच्या पदराला धरावं ते तिला कळेना, म्हणून तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. मुठीत काहीतरी होतं.

"दाखव," धोंडाबाई म्हणाली.

गोदेनं मूठ उघडली. अंगठ्याएवढा हत्ती. धोंडाबाईनं तो हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला. सुळे बरोबर होते, तिच्या करवंटीच्या सुळ्यांपेक्षा बरोबर. ते तिनं कबूल केलं नाही. केस मात्र कोरलेलेच होते.

"सेट पुरा झाला?"

"झाला," गोदा म्हणाली. "आजी, आपला हत्ती कुठाय? वासरानं खाल्ला नाही ना?"

"कणगीमागं हाय. कोण खातंय त्याला माझ्या घरात."

लताबाई कपाट लावू लागल्या. कुलूप हातात घेतलं, मग नुसतंच फळीवर ठेवलं. कॉलनीत पाच वाजता पोरी येणार होत्या, पाट धुऊन मांडलेला होता, आणि त्यावर ठेवायला त्यांच्याकडे आता काही नव्हतं. खिडकीतून पाहत त्या म्हणाल्या, "मग घेऊन जा तिला. मी काय म्हणणार. तुमचंच अंगण आहे."

धोंडाबाई उठली. डब्यातली शेवंती तिनं स्वतः घटाजवळ ठेवली, हात जोडले, पदर खोचला. ती दारापर्यंत गेली आणि तिथून वळून बोलली. आवाज चढवला नाही, पण शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढा ठेवला.

"लताबाई, तुमचं वागणं वाईट ते वाईटच. पोरीला जनावर दाखवून ओढून घेणं हे गळाला कणीक लावण्यातलं काम हाय, आजीचं नाय. आणि कणीक तुम्हाला भिजवता येत नाय, हे आज दिसलं. उद्याची माळ घातली की पोरीला घेऊन मळ्यात या, तुमच्या कॉलनीतल्या पोरी येत असल्या तर त्यांनाबी आणा. गाळ मी मळून ठेवते, मक्याचे केस बांधावर हायेत, ते तुमचे तुम्ही काढायचे. पिंकी म्हणायचं असंल तर माझ्या कुंपणाच्या बाहेर म्हणा. आणि दात घालून या. खिरापतीला सुकं खोबरं हाय, माझ्या अंगणात कुणी नुसतं चघळून जात नाय."